पन्नाशीनंतरच्या पोहण्यासाठी सेंटर स्नॉर्केल : काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. पोहण्याचा टप्पा लहान असल्यामुळे पन्नाशीनंतर या खेळाकडे वळलेले आमच्यासारखे बरेच जण त्याचा सराव केवळ अंतर वाढवून करतात. परंतु पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते आणि त्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे या वयात ताकद वाढवण्यापेक्षा विरोध कमी करणे अधिक लाभाचे ठरते. या विचाराने मी सेंटर स्नॉर्केल, म्हणजे चेहरा पाण्यात ठेवूनच श्वास घेता येणारी नळी, घेतला. त्याची नळी तोंडापासून चेहऱ्यासमोरून कपाळावर जाते आणि डोक्याला पट्ट्याने घट्ट बसते.

पहिले काही आठवडे अवघड गेले. नाकात पाणी जाते, म्हणून सुरुवातीला नोज क्लिप (नाक बंद ठेवणारा चिमटा) लावावी लागली. पुढे नाकातून सतत हलका श्वास सोडण्याची सवय झाली आणि क्लिप सुटली. नळीत उरलेली हवा पुन्हा आत ओढली जाते, त्यामुळे उथळ श्वास घेतल्यास लवकरच दम लागल्यासारखे वाटते. श्वास पूर्ण आणि सावकाश सोडणे हाच त्यावर उपाय आहे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वस्तू वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

खरा लाभ त्यानंतर दिसू लागला. श्वासासाठी मान वळवण्याची गरज उरली नाही की डोके स्थिर राहते, नजर तळाकडे राहते, आणि स्वतःचे दोन्ही हात पाण्यात कसे चालले आहेत हे सलगपणे पाहता येते. मी एरवी उजवीकडे श्वास घेतो. त्या क्षणी पुढे पसरलेला डावा हात कोपर खाली सोडून पाण्यावर टेकत होता आणि शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जात होता. कोचने हे अनेकदा सांगितले होते, पण डोळ्यांना दिसल्यावरच ते अंगी बाणले. वय वाढते तसे खांदा आणि पाठीचा वरचा भाग आखडतो, म्हणून हात डोक्यासमोर ओढून नेण्यापेक्षा खांद्याच्या रेषेत, किंचित बाहेर टाकणे आम्हा मंडळींना मानवते. तसे केल्यावर पोहून झाल्यानंतरची खांद्याची दुखरी जाणीव बरीच कमी झाली. डोके खाली राहिल्याने पायही वर येतात. फुप्फुसांतील हवा छातीला उचलून धरते, पाय मात्र जड असतात; डोके वर उचलले की ते आणखी बुडतात, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष अनुभवता येते.

वस्तू म्हणून ती टिकाऊ आहे. सिलिकॉनचे माउथपीस (तोंडात धरायचा भाग) मऊ आहे, परंतु दातांनी घट्ट धरल्यास जबडा दुखतो. ते ओठांनीच धरावे. पट्टा सैल राहिला तर भिंतीवरून ढकल घेताना नळी हलते आणि पाणी आत शिरते. जोरात फुंकर मारल्यास ते बाहेर पडते. फ्लिप टर्न (भिंतीजवळ कोलांटी घेऊन वळणे) येत नसल्यास त्याची चिंता करू नये, भिंतीला हात लावून घेतलेले साधे वळणही पुरेसे आहे. वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे एवढीच निगा लागते.

एक मर्यादा मात्र गंभीर आहे. स्नॉर्केल लावून सुधारलेला स्ट्रोक (हात मारण्याची पद्धत) स्नॉर्केल काढल्यावर आपोआप टिकत नाही, कारण श्वासासाठी होणारी खांदा आणि कमरेची फिरकी त्यात शिकता येत नाही. शिवाय वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेत स्नॉर्केल वापरता येत नाही. त्यामुळे मी प्रत्येक सरावात तलावाच्या काही फेऱ्या स्नॉर्केलसह पोहून, तीच हालचाल लगेच स्नॉर्केलशिवाय करतो आणि त्या वेळी डाव्या हाताकडेच लक्ष ठेवतो. उघड्या पाण्यात पुढची खूण पाहण्यासाठी डोके वर काढण्याचा सराव तर पूर्णपणे वेगळा करावा लागतो.