१७ जीएसएम क्रॉप कव्हर: लागणीपासून फुलोऱ्यापर्यंत वापरून

आमचं रान कोरेगाव तालुक्यात, ओढ्याकाठी. रात्री थंड हवा उतारानं खाली येऊन साचते, त्यामुळं माळापेक्षा इथं गारठा जास्त. पारा १० अंशांच्या खाली गेला की काकडीचा शेंडा बसतो आणि टोमॅटोची पानं खालून जांभळी पडतात, कारण गारठलेली मुळं स्फुरद उचलत नाहीत. म्हणून डिसेंबरच्या लागणीवर यंदा पांढरं क्रॉप कव्हर टाकलं, म्हणजे पिकावर झाकायचं न विणलेलं पातळ कापड; १७ जीएसएम म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं.

एवढ्या पातळ कापडाकडून गोधडीची ऊब मागू नये. आतबाहेर एक-दोन अंशांचाच फरक, पण कोवळ्या रोपाला तेवढाही पुरतो. मात्र दोन्ही कडा मातीनं गच्च दाबल्या तरच. कडा उघडी राहिली की वारा आत शिरतो आणि कापडही फाडतो. तारेच्या कमानी बुटक्या नकोत. सकाळी कापड उचलून बघितलं, तर जिथं पान कापडाला चिकटलं होतं तेवढाच भाग काळपट, उकडलेल्या भाजीसारखा मऊ. बोटभर आतलं पान हिरवंगार. थंडीच्या रात्री संध्याकाळी ठिबक थोडं सोडायचं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. चिखल मात्र नको, नाहीतर मर लागते.

खरा पैसा वसूल झाला तो किडीवर. पांढरी माशी आत जात नाही, म्हणजे व्हायरसची भीती कमी, आणि सुरुवातीच्या फवारण्या वाचल्या. मावा मात्र आधीच रोपाबरोबर आत गेला असेल तर मजेत वाढतो, त्यामुळं झाकायच्या आधी पानं उलटून बघा.

तण हा मोठा वैताग. मल्चिंग (मातीवर अंथरलेला प्लास्टिक कागद) नसेल तर आत गवत माजतं आणि खुरपायला सगळं उघडावं लागतं.

काकडीला मादी फुलं दिसली की कव्हर काढायचं, मधमाशी आत आली पाहिजे. एकदम काढू नका. आधी दुपारनंतर उघडं ठेवायचं आणि रात्री झाकायचं, असं दोन-तीन दिवस करून मग काढायचं.

काकडी-दोडक्याला पुढच्या वर्षीही घालणार. टोमॅटो लवकर उंच होतो, कव्हर लवकर काढावं लागतं, तिथं खर्च परवडेलसं वाटत नाही. कोबी-फ्लॉवरला तर आपल्याकडच्या थंडीत गरजच नाही. कापड झटकून, वाळवून, गुंडाळून माळ्यावर टांगलंय; खाली ठेवलं की उंदीर सोडत नाहीत. फाटलेले तुकडे रोपवाटिकेच्या ट्रेवर टाकायला कामी येतील.