शेरलॉक होम्स ऑडिओबुक, वाचन स्टीफन फ्राय : काही महिने ऐकल्यावर

चार कादंबऱ्या, ५६ कथा, साधारण ७२ तास. २०१७ साली आलेला हा संच मी पावसाळ्यात सुरू केला, संपायला दिवाळी उजाडली. ऐकणं बहुतेक लोकलमध्ये, नाहीतर रात्री ओटा आवरताना.

फ्रायचा होम्स उत्तमच आहे. कोरडा, किंचित चिडका. पण माझा जीव जडला तो बेकर स्ट्रीटचा जिना चढून येणाऱ्या अशिलांवर. गहाणवटीचा धंदा करणारा, लाल केसांचा जाबेझ विल्सन घ्या. पठ्ठ्याच्या वाट्याला एकच कथा, पण दोन वाक्यांत माणूस समोर बसतो. चरित्र अभिनेत्याचं काम म्हणतात ते हेच. फ्राय केंब्रिजच्या फूटलाइट्स या विद्यार्थी नाट्यमंडळातला, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्पसन यांच्या चमूतला. एडिंबरो महोत्सवातला विनोदासाठीचा १९८१चा पहिलावहिला पेरियर पुरस्कार या मंडळींनीच नेला. पुढे १९८९मध्ये ‘ब्लॅकॅडर’ या विनोदी टीव्ही मालिकेतला बेंबीच्या देठापासून ओरडणारा जनरल मेल्चेट, आणि लगेच १९९०मध्ये भुवईसुद्धा न हलवणारा, वुडहाउसच्या गोष्टींमधला नोकर जीव्ज! या दोन टोकांच्या मधलं सगळं इथे कानावर पडतं. (२०११च्या होम्स चित्रपटात तो मायक्रॉफ्ट होता. त्यामुळे ‘ग्रीक इंटरप्रीटर’मध्ये थोरले बंधू अवतरले की हसू येतंच.)

तो स्वतः कादंबरीकार आहे, याचाही फायदा होतो. ‘द लायर’ १९९१ची. होम्सचा लेखक कॉनन डॉइल याचं लांबलचक वाक्य कुठे तोलायचं, कुठे सोडून द्यायचं हे त्याला बरोबर कळतं. जवळजवळ सगळं निवेदन वॉटसनचं, तरी हा डॉक्टर कुठेही बावळट वाटत नाही. प्रत्येक पुस्तकाआधीची फ्रायची प्रस्तावनाही अजिबात गाळू नका.

कंटाळा आला तो ‘अ स्टडी इन स्कार्लेट’च्या यूटामधल्या भागात. होम्सच गायब! त्यात दोष डॉइलचा, पण तिथले अमेरिकन उच्चारही मला फारसे पटले नाहीत. वेग १.२५ करून पाहिला, तर फ्रायच्या जागा घेण्यातली सगळी गंमत गेली. आणि झोपताना लावलंत तर खुनी हमखास निसटतो.

भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स भेटलेल्यांनी बिनधास्त घ्यावं. गोष्ट ओळखीची असली की इंग्रजी अडत नाही. सुरुवात मात्र कादंबरीने नको, ‘अ‍ॅडव्हेंचर्स’ या कथासंग्रहापासून करा. मी आता त्याचंच ‘मिथॉस’ लावलंय, ग्रीक पुराणकथांचं. लिहिलंयही त्यानेच, वाचलंयही त्यानेच.