अण्णांचं एचएमटी ‘जनता’ घड्याळ : नऊ महिने रोज वापरल्यानंतर

अण्णा गेल्यावर कपाट आवरताना भाऊ म्हणाला, “ताई, तुला काय हवंय ते आधी घे.” मी स्टीलचा जुना डबा उचलला. त्यात अण्णांचं चावीचं घड्याळ होतं, एक शाईचं पेन, बसच्या पासाचं फाटकं कव्हर आणि तांब्याची छोटी पळी. घड्याळ पुढे दीड वर्ष माझ्याकडेही डब्यातच राहिलं. मागच्या दिवाळीनंतर सर्व्हिसिंग करून घेतलं, तेव्हापासून रोज मनगटावर आहे. असं घड्याळ बऱ्याच घरांत पडून असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॉडेल ‘जनता’. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत नाव, तारीख-वार काही नाही. १७ ज्वेल्स (आतली झीज कमी करणारे बारीक खडे), सेल नाही, रोज हाताने चावी द्यायची. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढे लग्नात जावयाला एचएमटी देणं ही घरोघरची रीतच झाली. हेही आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, अण्णांना लग्नात दिलेलं. घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यामुळे आता नवा पार्ट मागायचा तर दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो, हे सर्व्हिसिंगला देण्याआधी लक्षात घ्या.

मी पहिल्यांदा एका चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने ते उघडलंही नाही. “मॅडम, यात सेलवालं मशीन बसवून देतो, कटकट नको.” मी घड्याळ परत घेतलं आणि बाहेर आले. रागापेक्षा भीती जास्त वाटली, की मी हो म्हटलं असतं तर? मग मेन रोडच्या एका बोळात एक म्हातारे कारागीर सापडले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, “ज्यांचं होतं त्यांनी नीट वापरलंय. फक्त तेल वाळलंय.” सगळं मशीन सुटं करून धुतलं, नवं तेल घातलं, मेन स्प्रिंग बदलली. काच मात्र मी बदलू दिली नाही. ती काचेची नसून प्लास्टिकची, म्हणजे अॅक्रिलिकची असते, तिच्यावरचे बारीक ओरखडे पॉलिशने निघतात. सहाच्या आकड्याजवळचा एक खोल ओरखडा राहिला आहे, तो राहू दे.

जुन्या पट्ट्याला शेवटून तिसरं भोक लांबट झालं होतं. अण्णांचं मनगट तिथे बसायचं. तो पट्टा डब्यात ठेवला आणि साधा तपकिरी चामड्याचा नवा घातला, त्याला माझ्यासाठी आत दोन भोकं पाडून घेतली. बायकांच्या हातावर हे घड्याळ मोठं दिसेल असं वाटलं होतं, पण अजिबात दिसत नाही. ते पातळ आहे, हलकं आहे, बाहीत अडकत नाही.

आता वेळेचं. सुरुवातीला दिवसाला चाळीसेक सेकंद मागे पडायचं. महिनाभराने कारागिरांनी पुन्हा जुळवून दिलं. फेब्रुवारीत अचानक तासाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तेव्हा पोटात धस्स झालं. कारण निघालं मोबाइलच्या कव्हरचं लोहचुंबक. रात्री मी घड्याळ त्यावरच ठेवत होते. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने एकमेकीला चिकटते आणि घड्याळ धावत सुटतं. चुंबकत्व घालवायच्या छोट्या यंत्राने काम झालं. तेव्हा मोबाइल आणि स्पीकरपासून ते लांब ठेवा.

चावी सकाळी एकदाच द्या, ठरलेल्या वेळी, आणि घट्ट लागली की थांबा. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमचा वाडा जुन्या नाशकात तांबट आळीच्या बाजूला होता. सकाळी भांड्यांवरची ठोकठोक सुरू व्हायच्या आधी अण्णांची अंघोळ उरकलेली असायची. रेडिओवर सात-पाचच्या बातम्या लागल्या की ते खिडकीपाशी उभे राहून घड्याळ जुळवायचे, मग अंगठा आणि तर्जनीत धरून चावी द्यायचे. तो करकर आवाज मला बातम्यांपेक्षा जास्त आठवतो. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आम्हा दोघा भावंडांना ठाऊक होतं.

वर्षातून एका दिवशी मात्र घड्याळ माझ्या हातात यायचं. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि तोही रहाडीत. पेशवेकाळापासूनचे ते दगडी हौद एरवी जमिनीखाली बुजवलेले असतात, त्या दिवसापुरते उघडतात. तिवंधा चौकातल्या रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारायच्या आधी अण्णा घड्याळ काढून मला द्यायचे. मी ते कानाला लावून काठावर उभी राहायची. सेकंदाला पाच ठोके पडतात, दिवसाला ४,३२,०००, हे आत्ता कळलं. तेव्हा एवढंच वाटायचं, की अण्णा रंगात गडप झालेत आणि इथे माझ्या कानाशी चालू आहेत. यंदा मी मुलाला घेऊन गेले होते. घड्याळ त्याच्याकडे दिलं आणि मी उडी मारली. पन्नाशीला आलेली बाई रहाडीत उडी मारते म्हणून बघणारे बघत होते.

पाण्याबाबत माझी चूक झाली. हे घड्याळ वॉटरप्रूफ नाही, ते पावसाळ्यात काढूनच ठेवायला हवं. पण जुलैत गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी आलं आणि राहवलं नाही. लहानपणी पूर आला की अण्णा आम्हाला होळकर पुलाजवळ न्यायचे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं त्यावरून नाशिककर पूर मोजतात. अण्णा मोजायचे तो वेगही. गुडघ्याला लागलं, किती वाजले? कमरेला लागलं, किती वाजले? त्या दोन वेळांतलं अंतर मनात धरून सांगायचे, “गंगापूर धरणाचं पाणी अजून वाढणार, घरी चला.” पुराचं पाणी त्यांनी कधी नुसतं पाहिलं नाही.

मीही तसंच पाहत उभी राहिले, छत्री वाऱ्याने उलटली आणि काचेच्या आत वाफ धरली. त्याच संध्याकाळी कारागिरांकडे नेलं. चावी बाहेर ओढलेली ठेवून, तांदळाच्या डब्यात-बिब्यात न घालता लगेच आणलं म्हणून वाचलं, असं ते म्हणाले. डायलवर बाराच्या खाली तांदळाच्या कणीएवढा पिवळट डाग राहिला आहे. अण्णांनी इतकी वर्षं डाग पडू दिला नव्हता. ते मला लागलंच.

खर्च म्हणाल तर तेवढ्यात सेलचं बरं नवं घड्याळ आलं असतं. रोज चावी द्यायचा कंटाळा असेल तर हे घेऊ नका, तारीख बघायची सवय असेल तरी नको. मला या नऊ महिन्यांत एकदाही कंटाळा आला नाही. प्रवासात एकदा विसरले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडलेलं बघून उगाच चुकल्यासारखं वाटलं.

पेन अजून उघडलेलं नाही, निबवर शाई वाळून घट्ट झाली आहे. घड्याळ सध्या दिवसाला बारा-पंधरा सेकंद पुढे जातं. रविवारी सकाळी जुळवते.