बोलण्याची सुरुवात: कार्ड की वर्गमित्र?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला नुसतं ‘आपणहून बोल की’ म्हणून भागत नाही. पहिलं वाक्य हाताशी लागतं. ते कार्डावर लिहून द्यायचं: ‘काल रंकाळ्यावर गेलतास काय?’ मग शेवटाकडून थोडे थोडे शब्द कापत कार्ड कोरं करायचं. क्रांत्झ आणि मॅक्लॅनहन या संशोधकांनी १९९३ मध्ये या पद्धतीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पण मधल्या सुट्टीत समोरचा पोरगा उत्तर न देताच पळाला तर? म्हणून मला दुसरा मार्ग जास्त मोलाचा वाटतो. दोन-तीन वर्गमित्रांनाच शिकवायचं: जवळ बस, प्रश्न विचार, उत्तराला वेळ दे. धोका एकच, सगळं हे मित्रच बोलत सुटतात. अगदी गप्प राहणाऱ्या मुलाला आधी कार्ड द्या, पण मित्र पहिल्या दिवसापासून जोडीला हवेत.