लहान-मोठे तक्ते जोडताना: मर्ज, लेफ्ट जॉइन की डेटा.टेबल?

आर या सांख्यिकीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत १,००० रुग्णांचा एक तक्ता आणि ४० आरोग्य केंद्रांचा दुसरा तक्ता असून केंद्राच्या संकेतांकावरून ते जोडायचे आहेत, असे धरू. येथे सीबाइंड वापरूच नये. ते संकेतांक न पाहता ओळी शेजारी लावते, आणि १,००० ला ४० ने पूर्ण भाग जात असल्यामुळे एरर न देता केंद्रांच्या ओळी २५ वेळा पुन्हा मांडून मोकळे होते.

मूळ आरमधील मर्जला कोणतेही पॅकेज (वेगळे बसवावे लागणारे जोडसाधन) लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र जुळणी न सापडलेले रुग्ण ते आपणहून गाळते, त्यामुळे 'ऑल डॉट एक्स' हा पर्याय आठवणीने ट्रू करावा लागतो. निकालही ते संकेतांकानुसार क्रमाने लावून देते, म्हणजे मूळ क्रम राहत नाही.

डीप्लायर या पॅकेजचे लेफ्ट जॉइन सर्व रुग्ण आणि त्यांचा क्रम दोन्ही राखते. खरा फरक पडतो तो नोंद दुबार झाल्यावर. एखादे केंद्र चुकून दोनदा नोंदले गेले आणि त्याचे २५ रुग्ण असले, तर निकाल १,०२५ ओळींचा होतो आणि पुढची प्रत्येक सरासरी बिघडू शकते. मर्ज याबद्दल काहीच बोलत नाही. डीप्लायर २०२३ मधील १.१.० आवृत्तीपासून इशारा देते, आणि १.१.१ पासून मिळणाऱ्या 'रिलेशनशिप' या पर्यायात 'मेनी-टू-वन' (अनेक रुग्णांना एकच केंद्र) लिहिले असेल तर काम तिथेच थांबवते. माझ्या मते निवडीसाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

ओळी कोटींच्या घरात असतील, तर वेग आणि मेमरी या दोन्ही दृष्टींनी डेटा.टेबल हे पॅकेज घ्यावे. निकालाच्या ओळी दोन्ही तक्त्यांच्या बेरजेहून जास्त झाल्या तर तेही सहसा अडवते. पण वरच्या उदाहरणात दुबार नोंद धरून बेरीज १,०४१ (१,००० + ४१) असल्याने १,०२५ ओळी बिनबोभाट पुढे जातात. म्हणून केंद्रांच्या तक्त्यातील संकेतांक दुबार नाहीत ना, हे जोडणीपूर्वी स्वतः तपासावे.

संकेतांकच रिकामा असेल, तर तिन्ही पद्धती एनएला (आरमधील 'माहिती नाही' ही खूण) एनएशी जुळवतात. डीप्लायरमध्ये 'एनए मॅचेस' या पर्यायात 'नेव्हर' लिहून ते टाळता येते.