जीआर१डी: कोसळणारा गाभा चोख, स्फोट मात्र मागू नका

जड ताऱ्याचा गाभा कोसळताना नेमकं काय होतं हे स्वतः चालवून बघायचं असेल, तर २०१० साली ओ'कॉनर आणि ऑट यांनी खुला केलेला जीआर१डी हा कोड आजही पहिली निवड ठरावा. तारा एकाच मितीत, गुरुत्वाकर्षण मात्र पूर्ण सापेक्षतावादी. पुढे त्यात एम१ पद्धतीचं न्यूट्रिनो वहन आलं, म्हणजे न्यूट्रिनोंची ऊर्जा आणि तिचा प्रवाह या दोन्हींचा हिशेब ठेवणारी पद्धत.

बांधणी अवघड नाही, पण एचडीएफ५ (टेबलांच्या फाइल वाचणारी लायब्ररी) ज्या फोर्ट्रान कंपायलरने बांधलं, त्यानेच कोडही बांधा. नाहीतर मॉड्यूल फाइल वाचताच येत नाही आणि दोष उगाच कोडवर जातो. दुसरी ठेच टेबलांची. न्यूलिब या सोबतच्या प्रोग्रामचं अपारदर्शकतेचं (द्रव्य न्यूट्रिनोंना किती अडवतं याचं) टेबल एलएस२२० या अवस्था समीकरणावरून (घनता, तापमान आणि दाब यांचं नातं) काढलं आणि रनला दुसरंच अवस्था समीकरण दिलं, तर रन कुरकुर न करता चालतो आणि आकडे चुकीचे देतो. ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती दिसत नाही.

ग्रिडवर, म्हणजे ताऱ्याचे थर (झोन) कसे पाडायचे यावर, वेळ घालवा. केंद्रापासून २० किलोमीटरपर्यंत १०० मीटरचे सारखे झोन, पुढे बाहेर जाताना रुंद होत जाणारे (लॉगरिदमिक), ही चांगली सुरुवात. झोन अर्धा केला की खर्च दुपटीने नव्हे, साधारण चौपट वाढतो: झोन वाढतात आणि टाइमस्टेपही आखडतो. १०० मीटर ओलांडायला प्रकाशाला ०.३३ मायक्रोसेकंद लागतात. कूरांट गुणक (या वेळेच्या किती पट स्टेप घ्यायची तो आकडा) ०.५ धरला तर एका सेकंदाच्या रनला साठ लाख स्टेप होतात. झोन जाड ठेवले तर आघात लहरीची त्रिज्या पायऱ्यापायऱ्यांनी सरकते आणि न्यूट्रिनोंच्या तेजस्वितेत खोट्या लाटा उठतात.

उसळीपर्यंतचं काम देखणं आहे. केंद्रात घन सेंटिमीटरला २० ते ३० कोटी टन घनता होते, गाभा ताठरून उसळतो आणि बाहेर आघात लहर सुटते. मग लोखंडाची अणुकेंद्रकं फोडण्यात तिची शक्ती संपते (०.१ सौर वस्तुमानामागे सुमारे १.७ गुणिले १०⁵¹ अर्ग) आणि शे-दीडशे किलोमीटरवर ती अडकते. बहुतेक ताऱ्यांत ती तिथून हलतच नाही. हा बग नव्हे. एका मितीत संवहन नाही, खळबळ नाही. न्यूट्रिनोंनी तापलेलं द्रव्य वर चढून जास्त वेळ तापत राहील अशी सोयच नाही.

साध्या लीकेज पद्धतीत (न्यूट्रिनोंचं वहन न सोडवता त्यांची गळती अंदाजाने धरणारी) न्यूट्रिनो-तापनाचा गुणक १ च्या वर पुरेसा नेला की स्फोट होतो. तो स्फोट तुम्ही घडवलेला असतो. त्याची ऊर्जा निष्कर्ष म्हणून छापू नये. कृष्णविवराकडे जाणाऱ्या ताऱ्यांसाठी मात्र कोड उत्तम, फक्त क्षितिज बनण्याच्या बेतात रन थांबतो. निवडलेल्या निर्देशांकांत केंद्रातला काळच गोठत जातो, त्यापुढचं काही मिळत नाही.