सावद्याचं मोबाइल दुकान: बॅटरी विकायच्या आधी मीटर लावतात

चार्जिंगला लावला की माझा फोन हातात धरवत नव्हता. एका ठिकाणी तो न उघडताच "बॅटरी गेली" म्हणाले आणि नवीचा भावही सांगून मोकळे झाले. मग भाच्याने सावद्याच्या बाजारातलं हे दुकान दाखवलं. पाटी धड वाचता येत नाही, पण बाकावर केळीवाले बसलेलेच असतात. विहिरीची मोटार आता मोबाइलवरून चालू होते, त्यामुळे फोन बंद म्हणजे बागेचं पाणी बंद.

दुकानातल्या पोराने आधी स्क्रीनच्या कडेने नख फिरवलं. बॅटरी फुगली असेल तर तिथे फट सुटते. सुटली नव्हती. मग चार्जर आणि केबलच्या मध्ये बोटाएवढा मीटर खोचला: ९ व्होल्ट, २ अँपिअरच्या आतबाहेर. "काका, चार्जर चोख आहे. एवढा करंट घेतोय म्हटल्यावर तापणारच." बॅटरीला लागतात ४ व्होल्टच्या आसपास. ९ चे ४ फोनच्या आत होतात आणि त्यात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. शिवाय बॅटरीचा स्वतःचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, असतोच. करंट दुप्पट झाला की त्यातली उष्णता चौपट. ८० टक्क्यांच्या पुढे फोन स्वतःच करंट उतरवतो. तिथेच बसून पाहिलं, मीटरवरचा आकडा खरंच खाली आला आणि फोनही निवला.

मला आवडलं ते पुढचं. उलट्या बोटाने त्याने फोन चाचपला. पाठ सगळी सारखी गरम असेल तर ते चार्जिंगचं, पण पिनेजवळच चटका बसत असेल तर कनेक्शन ढिलं. माझ्या फोनचं दुसरं निघालं. लाकडी काडीने खाचेतून धुळीचा आणि सुताचा हा एवढा गोळा काढला. ५० रुपये घेतले, बॅटरी तीच.

जाड कव्हर काढून चार्ज करा, त्या वेळी हॉटस्पॉट नको, हेही सांगितलं. आमच्याकडे पोरं चार्जिंगला लावूनच रील बघतात, त्यांना कोण सांगणार! अॅपल आयफोनसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा सांगतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, मग फोनने आतली उष्णता टाकायची कुठे? म्हणून तो चार्जिंगच हळू करतो. आता पहाटे, गारव्याला लावतो.

उणं एवढंच की दुपारी १ ते ४ शटर खाली असतं आणि फोन लावला तर उचलत नाहीत. पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही. स्क्रीनची काच मात्र तिथे बसवू नका, शेजारच्या टपरीवर स्वस्त मिळते.